तळटीप : ‘खेळाडूचा मुशाहिरा’

* मुशाहिरा म्हणजे दरमहाचे वेतन. ग्वाल्हेरच्या सराफा बाजारातील पेढीवरचा हा शब्द लेखकाने महाविद्यालयीन खेळाडूस लावला, म्हणून वाचकाने दचकू नये. कारण १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्याने दहा गोल चढविणारा हॉकीपटू रूपसिंह ग्वाल्हेरच्या ज्या शिंदे सरकारच्या फौजेत कॅप्टन झाला, त्या संस्थानात खेळाडू आणि चाकरी यांचे वावडे नव्हते. हौशीपणाचे सोवळे (शब्द कठोर, पण यथार्थ) विद्यापीठांनीच अधिक पाळले. त्याच अमेरिकेतील विद्यापीठांस १ जुलै २०२५ पासून विद्यार्थी-खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे ‘खेलो इंडिया’ या सरकारी योजनेतील निवडक खेळाडूंस मिळणारे दरमहा १०,००० रुपये मात्र सरकारी खजिन्यातून येतात, महाविद्यालयाच्या नव्हे. — संपादक