सायकलचा डायनामो : चाक आणि जनित्र यांच्या सांध्याचा इतिहास

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. परंतु या तत्त्वावर सायकलचा दिवा पेटवायचा तर खरी अडचण विजेची नसून सांध्याची होती. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २८ इंची सायकलचे चाक सेकंदाला जेमतेम दोन फेरे घेते, आणि मुठीत मावणाऱ्या जनित्राला एवढी गती अगदीच अपुरी पडते. त्यामुळे कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पाडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे विसाव्या शतकातही बराच काळ सायकलस्वारांच्या सोबतीला राहिले.

बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलसाठी विजेचे दिवे बाजारात आणले. या काळात रूढ झालेल्या बाटलीच्या आकाराच्या डायनामोत जनित्राच्या माथ्यावरची खाचदार चकती स्प्रिंगच्या जोराने टायरच्या कडेला टेकते आणि घर्षणाने फिरते. चकतीचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असेल, तर वरच्याच वेगाला ती सेकंदाला जवळजवळ ६० फेरे घेते. म्हणजे दातेरी चक्र किंवा पट्टा न वापरता, केवळ स्पर्शाने, गती तीसपटीहून अधिक वाढते. आत वेटोळे स्थिर असून चुंबक फिरतो, म्हणून वीज बाहेर काढण्यास घासणारे ब्रश लागत नाहीत. त्याहून सुंदर गोष्ट अशी, की वेग वाढला की प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या प्रवाहाची, वारंवारता वाढते आणि तिच्याबरोबर वेटोळ्याचा विरोधही वाढतो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या ॲम्पियरच्या आसपास राहतो आणि ६ व्होल्टचा बल्ब, निदान नेहमीच्या वेगांना, उडत नाही.

ही जोडणी मात्र हाताच्या कसबावर अवलंबून असे. डायनामोचा आस वाढवला तर तो चाकाच्या मध्यातून जावा लागे, नाहीतर चकती टायर खरवडून काढी. आणि दिव्याकडे एकच तार जात असल्याने प्रवाहाचा परतीचा मार्ग सायकलच्या सांगाड्यातून असे, ज्यासाठी डायनामो अडकवणाऱ्या पट्टीवरच्या स्क्रूचे टोक सायकलच्या चिमट्याचा (फोर्कचा) रंग भेदून लोखंडाला भिडवावे लागे. पावसात चकती घसरे, आणि कोरड्या रस्त्यावरही पायांना तिचा भार जाणवे.

घर्षणाचा हा सांधाच काढून टाकण्याचा मार्ग नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये दाखवला. जॉर्ज रॉलिंग्ज यांच्या रचनेत जनित्र चाकाच्या हबमध्येच बसवलेले होते, आणि एका कडीवर अनेक चुंबकीय ध्रुव असल्याने चाकाची मंद गतीही त्यास पुरत असे. तांत्रिकदृष्ट्या ही रचना निःसंशय श्रेष्ठ होती. तरीही ती बसवायची तर आरे काढून चाक नव्याने विणावे लागे आणि त्याचा आउट, म्हणजे डगमग, काढावा लागे, तर बाटलीचा डायनामो कोणत्याही जुन्या सायकलवर एका पान्याने चढे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात, जिथे बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवत, तिथे नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला परवडणारा उपाय हाच होता. सेलवर चालणाऱ्या दिव्यासाठी वारंवार सेल विकत घेण्याचा खर्च ज्यांना जड जात होता, त्यांना टायरची थोडी झीज आणि पायांना थोडा अधिक त्रास हा सौदा स्वस्तच वाटला असणार.