शब्दवेध : रेंज

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की वळणावर फोनची रेंज जाते आणि चढावर पुन्हा येते. शहरात ती जाते तेव्हा गप्पा तुटतात. इथल्या पाड्यावर रेशनच्या यंत्रावर अंगठा जुळत नाही आणि रुग्णवाहिकेला निरोप पोहोचत नाही.

शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ ओळ, रांग. ‘रँक’ आणि ‘अरेंज’ ही त्याचीच भावंडं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीची गोळी जिथवर पोहोचते त्या पल्ल्याला रेंज म्हणू लागले, अठराव्या शतकात डोंगररांगेलाही. रेडिओलहरींचा पल्ला हा अर्थ त्यानंतरचा.

जव्हार-मोखाड्यात यातले दोन अर्थ समोरासमोर येतात. मोबाइलच्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. टॉवर पठारावर असला तरी दरीतला पाडा सावलीत राहतो. सह्याद्रीची रेंज फोनची रेंज अडवते.

 

इंग्लंडमध्ये फोनच्या बाबतीत सहसा ‘सिग्नल’ म्हणतात. ‘रेंज येत नाही’ ही घडण आपली आहे. ‘येणे-जाणे’ ही क्रियापदं तिला मराठीने दिली, पाऊस आणि विजेला दिली तशीच. शब्दकोशात ‘रेंज’ या वाक्प्रयोगांसह नोंदवायला हवा.