दुसरी विहीर

समुद्रातली तेलविहीर उफाळली की बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: रिलीफ वेल खणायला घेतली आहे. वाचणाऱ्याला हायसं वाटतं. पण हे हायसं वाटणं आधी बाजूला ठेवावं. रिलीफ वेल म्हणजे उफाळलेल्या विहिरीला खोलवर जाऊन गाठणारी दुसरी विहीर; ज्या थरांतला दाब पहिल्या विहिरीला आवरला नाही, त्याच थरांकडे ती न्यायची असते. पहिलीचे सगळे धोके तिच्या वाट्याला येतात, शिवाय तिचे स्वतःचे वेगळे.

१९३४ मध्ये टेक्सासातल्या कॉनरो इथे जॉन ईस्टमनने तिरकी विहीर खणून पेटलेली विहीर शमवली, तेव्हापासून ही विद्या चालत आली आहे. ती उमगते मात्र तिमोर समुद्रातल्या मोंतारापाशी. २१ ऑगस्ट २००९ रोजी तिथली विहीर फुटली. माणसं त्याच दिवशी सुखरूप बाहेर काढली गेली. दुसरी रिग आणून खोदकाम सुरू व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. लक्ष्य होतं समुद्रतळाखाली अडीच किलोमीटरांहून खोल असलेली, जेमतेम २५ सेंटीमीटर व्यासाची केसिंग, म्हणजे विहिरीतली पोलादी नळी. चार प्रयत्न हुकले.

यात नवल नाही. खोदताना दिशा आणि कल मोजत जातात. प्रत्येक मोजमापातली बारीक चूक पुढच्या चुकीत मिळते, आणि तळाशी पोहोचेपर्यंत अंदाज काही मीटरांनी ढळतो. जवळ गेल्यावर जमिनीत वीजप्रवाह सोडतात. तो जुन्या विहिरीच्या पोलादातून वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरून अंतर कळतं. त्यासाठी बहुधा खोदकाम थांबवून पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागते. हुकलं, तर मागे येऊन नव्या वाटेने खोदायचं. तेल तोवर वाहतच असतं.

पाचव्या प्रयत्नात, १ नोव्हेंबरला, गाठ पडली. त्याच दिवशी, विहीर दाबून टाकणारं जड मड, म्हणजे खोदकामातला चिखल, आत सोडत असताना, वर आग भडकली. गळती थांबली ३ तारखेला.

गाठ पडल्यावरही हिशेब नाजूकच. मड हलकं पडलं तर वायू नव्या विहिरीत शिरतो. फार जड झालं तर खडक तडकून मडच गडप होतं.

मेक्सिकोच्या आखातातल्या मकाँडो विहिरीचा २०१० मधला उफाळा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे गळती जुलैत वरून बसवलेल्या टोपणाने थांबली. रिलीफ वेल पोहोचली सप्टेंबरात, मधे वादळापायी काम थांबवावं लागलं. मला वाटतं, या उपायाला ‘शेवटचा’ म्हणावं, ‘खात्रीचा’ म्हणताना थोडं थांबावं.

मराठी वाचकाने मकाँडोच्या दीड किलोमीटर पाण्यापेक्षा मोंताराकडे आधी वळावं. तिथलं पाणी सुमारे ७५ मीटर, जवळपास मुंबई हायइतकंच. मग आपल्या समुद्रापुरता प्रश्न उरतो तो असा: ऐन जुलैच्या लाटांत दुसरी रिग कुठून आणायची, आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभी करायची?