चिनी मजुरांची जहाजे : समुद्रावर अधिकार कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून माणसांची जी प्रचंड वाहतूक सुरू झाली, तिचा इतिहास बहुधा क्युबातील ऊसमळ्यांचा आणि पेरूतील ग्वानो बेटांचा, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणणाऱ्या मजुरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४७ ते १८७४ या काळात एकट्या क्युबाकडे सुमारे सव्वा लाख, तर पेरूकडे जवळपास एक लाख चिनी मजूर करारावर नेण्यात आले. परंतु गाव आणि मळा यांच्यामध्ये कित्येक महिन्यांचा समुद्र होता. त्या समुद्रावर, डेकखाली कोंडलेल्या शेकडो माणसांच्या वतीने जहाज थांबविण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न मात्र कायद्याच्या ग्रंथांतच पडून राहिला आहे.

प्रश्न गुंतागुंतीचा होण्याचे पहिले कारण चीनमध्येच होते. छिंग राजवटीच्या कायद्यानुसार परवानगीविना देश सोडणे हा गुन्हा होता. परदेशी गेलेल्या प्रजाजनाची दखल घेण्याची सरकारची रीत नव्हती आणि त्याच्यासाठी परदेशात चिनी वाणिज्यदूतही नव्हता. दुसरे कारण अफूच्या पहिल्या युद्धानंतरच्या तहांचे. १८४२ नंतरच्या या तहांनी पाश्चात्त्य नागरिकांना चिनी न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले व ज्याच्या त्याच्या वाणिज्यदूताच्या हाती सोपविले. परिणामी बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश जहाजाला ब्रिटिश वाणिज्यदूतच हात लावू शकत होता, अमेरिकन जहाजाला अमेरिकन. शिडावर निशाण कोणते, यावर सारे अवलंबून होते. निशाण बदलले की अधिकारी बदलला, आणि निशाण बदलणे मुळीच अवघड नव्हते.

त्यात हे वाणिज्यदूत नेहमीच सरकारी नोकर असत, असेही नाही. अमॉय (आजचे शियामेन) बंदरात मजुरांच्या निर्यातीत अग्रेसर असलेला ब्रिटिश व्यापारी जेम्स टेट हाच स्पेनचा वाणिज्यदूत होता, म्हणजे क्युबाला माणसे पाठविणारा आणि त्या पाठवणीवर देखरेख ठेवणारा एकच. याच बंदरात मजुरांना वखारीत कोंडून, उघडे करून, त्यांच्या छातीवर कॅलिफोर्नियासाठी ‘सी’, पेरूसाठी ‘पी’ व सँडविच बेटांसाठी ‘एस’ अशी अक्षरे रंगविली जात असल्याचे सर जॉन बाउरिंग यांनी १८५२ मध्ये लंडनला कळविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे दंगल उसळली. सिम नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या चिनी दलालाची सुटका करण्याचा प्रयत्न केला, हे तिचे निमित्त. ‘सॅलमँडर’ या ब्रिटिश युद्धनौकेचे सैनिक किनाऱ्यावर उतरले, गोळीबार झाला आणि त्यात चिनी नागरिक मारले गेले. पुढे वाणिज्यदूताच्या न्यायालयाने सिमला २०० डॉलर दंड केला. आरमार आणि वाणिज्यदूत या दोघांनीही आपापला अधिकार बजावला होता. पण तो कोणाच्या बाजूने, हे वाचकांना सांगावयास नको.

ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये ‘चायनीज पॅसेंजर्स ॲक्ट’ हा कायदा संमत केला, तो या पार्श्वभूमीवर. हाँगकाँगमधून, किंवा चीनच्या कोणत्याही बंदरातून वा किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतून, वीसपेक्षा अधिक आशियाई प्रवासी घेऊन सात दिवसांहून लांबच्या सफरीला निघणारे ब्रिटिश जहाज त्याच्या कक्षेत आले. हाँगकाँगमध्ये यासाठी स्वतंत्र उत्प्रवास अधिकारी नेमण्यात आला व चिनी बंदरांत ते काम ब्रिटिश वाणिज्यदूतांकडे आले. प्रत्येक प्रौढ प्रवाशामागे डेकखाली किमान १२ चौरस फूट व ७२ घनफूट जागा, पुरेसे अन्नपाणी, वैद्य आणि दुभाषा यांची तरतूद कायद्याने आवश्यक ठरविली. कप्तानाने एक हजार पौंडांचा मुचलका द्यावयाचा होता. आपण कोठे चाललो आहोत आणि कोणत्या करारावर अंगठा उठविला आहे, हे प्रवाशांना समजले आहे अशी खातरजमा अधिकाऱ्याने करावी, हे कलम तर त्या काळाच्या मानाने पुढारलेलेच म्हटले पाहिजे. याखेरीज ब्रिटिश युद्धनौकांच्या कप्तानांना अशा जहाजावर चढून झडती घेण्याचा अधिकार देण्यात आला व आवश्यक कागदपत्रांशिवाय समुद्रात गेलेले जहाज जप्तीस पात्र ठरले.

बारा चौरस फूट म्हणजे दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब फळी. तीवर तीन-चार महिने काढावयाचे. कायद्यातील किमान जागा ही होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कायद्याबाहेरची जहाजे कशी असतील याची कल्पना येते. आणि कायद्यातील जहाजेही सुरक्षित ठरली नाहीत. १८५६ मध्ये हाँगकाँगहून क्युबाकडे निघालेल्या ‘ड्यूक ऑफ पोर्टलंड’ या जहाजावरील ३३२ मजुरांपैकी १२८ जण वाटेत मरण पावले. निघण्यापूर्वी होणारी तपासणी हेच या कायद्याचे खरे शस्त्र होते. मोकळ्या समुद्रात जहाज गाठणे ही क्वचितच घडणारी गोष्ट. ब्रिटिश जहाजांवर नियंत्रण आले, तसा हा व्यापार इतर निशाणांखाली आणि मुख्यतः मकाव बंदरात सरकला. १८४४ पर्यंत गोव्याच्या अमलाखाली असलेल्या या पोर्तुगीज वसाहतीत ना चिनी अधिकाऱ्यांचे चाले, ना ब्रिटिश वाणिज्यदूताचे.

अमेरिकन जहाजांचा वाटा यात मोठा होता. १८५२ मध्ये अमॉयहून निघालेल्या ‘रॉबर्ट बाउन’ या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने मजुरांच्या वेण्या कापविल्या, थंड पाण्याने व खराट्यांनी त्यांना घासविले. वेणी कापणे हा छिंग प्रजाजनाच्या लेखी राजद्रोहाचा प्रकार होता. मजूर उठले, कप्तानासह अनेकांना त्यांनी ठार केले आणि जहाज आजच्या जपानमधील इशिगाकी बेटाजवळ खडकावर चढले. मग ब्रिटिश व अमेरिकन युद्धनौका बेटावर आल्या, त्या अर्थातच बंडखोरांना पकडण्यासाठी. त्यांपैकी सतरा जणांवर ग्वांगझूमध्ये खटला चालविण्याचा अमेरिकन प्रतिनिधी पीटर पार्कर यांचा प्रयत्न होता. चिनी अधिकाऱ्यांनी बहुतेकांना सोडून दिले. इशिगाकीवर मेलेल्या मजुरांचे स्मारक आजही पाहावयास मिळते.

१८५९ मध्ये मकावहून हवानाकडे निघालेले ‘फ्लोरा टेंपल’ हे अमेरिकन जहाज दक्षिण चिनी समुद्रात खडकावर फुटले. कप्तान व खलाशी होड्यांतून निसटले, सुमारे ८५० मजूर जहाजावरच राहिले व बुडाले. त्याच सुमारास अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिले होते, की गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे विद्यमान कायदे या वाहतुकीला लागू होत नाहीत. अखेर १९ फेब्रुवारी १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने कुली व्यापारबंदीचा कायदा झाला. स्वेच्छेने निघालेल्या प्रवाशाला अमेरिकन वाणिज्यदूताचे प्रमाणपत्र मिळावे व संशयित अमेरिकन जहाजांची तपासणी आणि जप्ती करण्यास अध्यक्षांनी नौदलाला फर्मावावे, ही त्याची दोन अंगे होत. या प्रमाणपत्राची पुढची कथा उद्बोधक आहे. १८७५ च्या पेज कायद्याने हीच तपासणी अधिक कडक केली आणि हाँगकाँगमधील अमेरिकन वाणिज्यदूताचे कार्यालय चिनी स्त्रियांना अमेरिकेत येण्यापासून अडविणारे नाके बनले. रक्षणासाठी निघालेला दाखला मज्जावासाठी वापरला गेला.

या साऱ्या व्यवस्थेची मर्यादा ‘मारिया लुझ’ प्रकरणाने उघडी पाडली. पेरूचे हे जहाज मकावहून सुमारे २३० चिनी मजूर घेऊन कायाओ बंदराकडे निघाले होते. वादळात नुकसान झाल्याने जुलै १८७२ मध्ये ते योकोहामा बंदरात शिरले. एके रात्री एका मजुराने समुद्रात उडी घेतली व पोहत जाऊन ‘आयर्न ड्यूक’ ही ब्रिटिश युद्धनौका गाठली. येथे ब्रिटिश कायदा चालत नव्हता, कारण जहाज ब्रिटिश नव्हते. मजुराला जपानी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांनी पेरूच्या कप्तानाकडून त्याला शिक्षा न करण्याचे आश्वासन घेतले आणि त्याला परत पाठविले. आश्वासन पाळले गेले नाही. ब्रिटिश प्रभारी दूत वॉटसन यांनी स्वतः जहाजाची पाहणी केली व जपानचे परराष्ट्रमंत्री सोएजिमा तानेओमी यांना चौकशी करण्याचा आग्रह केला.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. जपानवरही चीनसारखेच असमान तह लादलेले होते. पण पेरूशी जपानचा कोणताच तह झालेला नव्हता. त्यामुळे पेरूच्या कप्तानाला वाणिज्यदूताचे कवच नव्हते आणि तो सरळ जपानी न्यायकक्षेत येत होता. योकोहामातील अनेक परकीय वाणिज्यदूतांनी या सुनावणीला विरोध दर्शविला. तरीही ओए ताकू यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने काम चालविले, कप्तानास दोषी ठरविले, मात्र शिक्षा माफ केली. कप्तानाने मग कराराच्या अंमलबजावणीसाठी दावा लावला. माणसे विकण्याचे करार जपानमध्येही चालतात, वेश्यागृहातील मुलींचे करार पाहा, असा प्रतिवाद त्याच्या वकिलाने केला. दावा फेटाळला गेला व मजूर चीनला परतले. वकिलाचा टोला मात्र वर्मी बसला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जपान सरकारने अशा करारांत अडकलेल्या स्त्रियांच्या मुक्ततेचा आदेश काढला. पेरूने भरपाई मागितली, वाद रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्या लवादाकडे गेला आणि १८७५ मध्ये निकाल जपानच्या बाजूने लागला.

तोवर मकावचा व्यापारही संपला होता. १८७१ मध्ये पेरूचे ‘डॉन हुआन’ हे जहाज मकाव सोडल्यावर लगेच पेटले व त्यावरील सुमारे ६५० मजुरांपैकी सहाशेच्या आसपास मेले. हाँगकाँगने १८७३ मध्ये अशा जहाजांच्या सज्जतेस आपल्या बंदरात बंदी घातली, आणि डिसेंबर १८७३ च्या पोर्तुगीज फर्मानानुसार १८७४ च्या मार्चपासून मकावहून होणारी करारी मजुरांची निर्यात बंद झाली. त्याच सुमारास चीनने छेन लानपिन यांच्या नेतृत्वाखाली क्युबाला चौकशी आयोग पाठविला. त्याने ११७६ मजुरांच्या जबान्या घेतल्या. १८७७ मध्ये स्पेनशी नवा करार झाला आणि १८७९ मध्ये हवाना येथे चीनचा स्वतःचा वाणिज्यदूत रुजू झाला. क्युबाला निघालेल्या पहिल्या जहाजाला तोवर बत्तीस वर्षे होऊन गेली होती.