इमारतीचें आयुष्य आणि नकाशाचें आयुष्य

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्यांत, १६ तारखेस, बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोंचली आणि भारतांत प्रवासी रेल्वेचा आरंभ झाला, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणास आली. या इतिहासाचें एक अंग मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें म्हणजे या मार्गाचे नकाशे. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले मुंबईस, आणि कंपनीचे सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन लंडनमध्यें. लोखंडी सामान विलायतेंत घडवावयाचें आणि तें कोंकणच्या पावसांत उभें करावयाचें. सुएझचा कालवा १८६९ त खुला झाला, म्हणजे त्या वेळीं तीहि सोय नव्हती. दोन टोकांना जोडणारा दुवा एकच, आणि तो म्हणजे शाईनें रेखाटलेला कागद. त्या कागदावरील माप जागेवरच्या मापाशीं जुळलें नाहीं, तर चूक कळविण्यास आणि तिचें उत्तर येण्यास महिने लागत.

कागद निर्दोष असला म्हणजे काम निर्दोष होतें असेंहि नाहीं. बोरघाटांतील एक मोठा दगडी पूल १८६७ त कोसळला. दगडांच्या आंत चुना किती आणि भर कसली, हें सांगण्याचें सामर्थ्य नकाशांत नव्हतें. नकाशा फक्त आकार सांगत असे.

नकला काढण्याची अडचण पुढें दूर झाली. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें १८४२ त लोहाच्या क्षारांच्या योगानें कागदावर निळा ठसा उमटविण्याची कृति शोधून काढली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अभियंत्यांनीं ती उचलली आणि ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द जगभर रूढ झाला. नकला स्वस्त झाल्या, तरी नकाशाचा मूळ दोष तसाच राहिला. एकच दरवाजा मजल्याच्या नकाशांत असतो, दर्शनी चित्रांत असतो, छेदांत असतो आणि सुतारास द्यावयाच्या यादींतहि असतो. मालकानें तो हातभर सरकविण्यास सांगितलें कीं चार ठिकाणीं खाडाखोड करावी लागते. तीन ठिकाणीं केली आणि चौथें राहून गेलें, तर ती चूक कागदावर कोणास दिसत नाहीं. ती दिसते भिंत उभी राहिल्यावर, आणि मग गवंडी सुताराकडे व सुतार गवंड्याकडे बोट दाखवितो.

या दोषावर नेमकें बोट ठेविलें तें चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन प्राध्यापकानें, १९७५ त. त्याचें म्हणणें ऐकावयास साधें होतें. इमारतीचीं दहा चित्रें काढण्याऐवजीं इमारतीचें एकच संपूर्ण वर्णन संगणकांत सांठवावें, आणि चित्रें, मापें व सामानाच्या याद्या त्यांतून हव्या तेव्हां काढून घ्याव्या. दरवाजा एकदां सरकविला कीं तो सर्वत्र सरकतो. त्या काळचे संगणक इतके महाग होते कीं कल्पना बराच काळ विद्यापीठांतच राहिली. बाजारांत आधीं आलें तें दुसरेंच साधन. ऑटोडेस्क कंपनीनें १९८२ त ऑटोकॅड काढलें आणि चित्रफळ्यावरची पेन्सिल संगणकाच्या पडद्यावर गेली. खोडरबर संपला, परंतु रेघ ती रेघच राहिली. ती भिंत आहे कीं गटार आहे, हें ऑटोकॅडला कळत नव्हतें. तें पाहणाऱ्यानें ओळखावयाचें.

ईस्टमनच्या कल्पनेस खरें रूप देण्याचा एक मोठा प्रयत्न अनपेक्षित ठिकाणीं झाला. साम्यवादी राजवटींतील हंगेरींत गाबोर बोयार यांनीं १९८२ त ग्राफिसॉफ्ट ही संस्था काढली. पाक्श येथील अणुविद्युत्केंद्रांतील नळांच्या गुंतागुंतीचें त्रिमिति प्रतिमान हें त्यांचें सुरुवातीचें काम. आरंभींच्या भांडवलासाठीं पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागल्याचें ते स्वतः सांगतात. ही कथा मराठी घरांस कांहीं अपरिचित वाटावयाची नाहीं. त्यांचें आर्किकॅड १९८४ त बाहेर पडलें. त्यांत भिंत ही भिंत म्हणून रचली जाई. तिला जाडी असे, उंची असे, साहित्य असे. त्यानंतर १९९७ त अमेरिकेंत बोस्टनजवळ एक कंपनी निघाली. तिचें रेव्हिट २००० सालीं आलें, आणि दोनच वर्षांनीं ऑटोडेस्कनें ती कंपनी १३ कोटि ३० लक्ष डॉलरांस विकत घेतली. दरम्यान १९९२ त हॉलंडमधील दोन संशोधकांनीं या पद्धतीस ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’ असें नांव दिलें होतें. तिचेंच संक्षिप्त रूप ‘बिम’. आपल्याकडील बांधकामावर ‘बीम’ म्हणजे तुळई. त्यामुळें मिस्त्री आणि वास्तुशास्त्रज्ञ एकाच शब्दानें दोन निराळ्या गोष्टी बोलतात, हा एक वेगळाच घोटाळा.

येथून निवडीचा प्रश्न सुरू होतो. वास्तुशास्त्रज्ञ आर्किकॅडमध्यें काम करतो, सळया व पोलाद यांचा हिशेब करणारा अभियंता फिनलंडांत जन्मलेल्या टेक्लामध्यें, आणि पाणी व विजेचा सल्लागार रेव्हिटमध्यें. प्रत्येकाची भाषा निराळी. हा भाषाभेद मिटविण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि त्यानें आय. एफ. सी. ही मुक्त लिपि तयार केली. २०१३ त तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणांत, १६७३९ या क्रमांकाखालीं, स्थान मिळालें. कोणत्याहि एका कंपनीची मालकी नसलेली ही लिपि आहे. तिच्यांतून भाषांतर करतांना थोडेंफार गळतें, हें प्रत्येक अनुभवी माणूस सांगेल. भिंत पोहोंचते, पण तिच्या मागची हुशारी कधीं कधीं मागें राहते. तरीहि दुसरा मध्यस्थ आज नाहीं. इंग्लंडच्या सरकारनें २०११ त धोरण जाहीर करून २०१६ पासून मध्यवर्ती सरकारच्या पैशानें होणाऱ्या कामांत बिम आवश्यक केलें, तेव्हां माहितीची देवघेव कोणत्या स्वरूपांत व्हावी यावरच पुष्कळ भर दिला होता.

महाराष्ट्रांत या पद्धतीची मोठी कसोटी लागली ती नागपुरास. तेथील मेट्रोचें काम २०१५ त सुरू झालें आणि महामेट्रो संस्थेनें आरंभापासून ‘पांच मितींच्या’ बिमचा अंगीकार केला. लांबी, रुंदी, उंची या तीन, चौथी काळ, पांचवी पैसा. म्हणजे पडद्यावरील एखाद्या खांबास स्पर्श केला तर तो केव्हां उभा राहावयाचा आणि त्यास किती खर्च यावयाचा, हें दोन्ही कळावें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं नागपूरकरांनीं एकाच सॉफ्टवेअरवर भिस्त ठेविली नाहीं. प्रतिमानासाठीं व कागदपत्रांसाठीं बेंटली कंपनीचीं साधनें, खर्चासाठीं जर्मनींतील आर. आय. बी. चें आय-टू, वेळापत्रकासाठीं प्रायमावेरा, हिशेबासाठीं सॅप, आणि या सर्वांस जोडणारी व्यवस्था. मार्च २०१९ त पहिला टप्पा सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्यें पहिला टप्पा पूर्ण मार्गावर खुला झाला.

परंतु नागपूर मेट्रो ही एक मोठी संस्था आहे. डोंबिवलीच्या फडके रस्त्यानजीक किंवा ठाण्याच्या नौपाड्यांत पांचसहा माणसांनिशीं चालणाऱ्या कार्यालयाचें गणित वेगळें असतें. त्यास प्रथम नगरपालिकेची परवानगी मिळवावयाची असते. डिसेंबर २०२० पासून ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांस राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. परवानगीच्या नकाशांची छाननी करणाऱ्या ज्या यंत्रणा महाराष्ट्रांत रूढ झाल्या, त्यांत पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर प्रसिद्ध आहे. तिचा पाया सपाट नकाशा, ठराविक थरांत काढलेला. त्यामुळें ज्यानें प्रतिमान केलें आहे, त्यालाहि परवानगीपुरता सपाट नकाशा पुन्हां काढून द्यावा लागतो. लहान कार्यालयें जुन्या ऑटोकॅडला चिकटून राहतात तीं आळसानें नव्हे. दोनदां काम करण्याचा खर्च त्यांस दिसतो, आणि प्रतिमानानें वांचणारी चूक मात्र दिसत नाहीं, कारण ती कधीं घडतच नाहीं.

असें असूनहि सात मजल्यांवर जाणारी इमारत, तळघरांतील वाहनतळ किंवा रुग्णालय हाती असेल, तर प्रतिमानास पर्याय नाहीं. अशा इमारतींत छतामागें नळ, वाऱ्याच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा एकमेकांवर आदळतात. तो आदळ पडद्यावर शोधला तर एका दुपारचें काम. स्लॅब ओतल्यावर शोधला तर छिन्नीचें काम. कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें हें मग बहुधा बाहेरूनच ठरतें. अभियंता काय वापरतो, ठेकेदाराजवळ शिकलेला माणूस आहे काय, आणि बाजारांत कोणत्या साधनाचे जाणकार मिळतात, यावर तें अवलंबून असतें. भारतांत रेव्हिट शिकलेले तरुण आर्किकॅड शिकलेल्यांहून सहज मिळतात, आणि अनेक कार्यालयांच्या बाबतींत निकाल तेवढ्यावरच लागतो.

पण या सोयीमागें एक अट दडलेली असते. ऑटोडेस्कनें २०१६ पासून आपल्या बहुतेक साधनांचे कायमचे परवाने नव्यानें विकणें थांबविलें. तेव्हांपासून वर्गणी भरावी लागते. शिवाय रेव्हिटच्या नव्या आवृत्तींत उघडून सांठविलेली फाइल जुन्या आवृत्तींत परत उघडत नाहीं. संघांतील एकानें आवृत्ति बदलली कीं सर्वांस बदलावी लागते. ब्रिटनमधील नामांकित वास्तुसंस्थांनीं २०२० त ऑटोडेस्कला खुलें पत्र लिहून वाढत्या खर्चाबद्दल आणि रेव्हिटच्या मंद प्रगतीबद्दल उघड तक्रार केली, ती याच अनुभवांतून.

येथें कल्याणचा पत्री पूल आठवतो. १९१४ त बांधलेला तो पूल २०१८ मध्यें, म्हणजे १०४ वर्षांनीं, धोकादायक म्हणून पाडण्यांत आला, आणि नवा पूल जानेवारी २०२१ त खुला झाला. मध्यंतरीं दोन वर्षें कल्याणकरांनीं वाहतुकीच्या कोंडींत काय सोसलें, तें त्यांसच ठाऊक. मुंब्र्याजवळचा पारसिक बोगदा १९१६ चा. त्यांतून गाड्या आजहि धांवतात. शंभर वर्षांपूर्वींच्या कामाचा कागद जपलेला असेल, तर तो डोळ्यांनीं वाचतां येतो. शंभर वर्षांनंतर रेव्हिटची २०२५ ची फाइल कोण उघडणार, आणि कोणाची वर्गणी भरून? मुक्त लिपींतील आय. एफ. सी. ची फाइल निदान साध्या अक्षरांत लिहिलेली असते. यंत्र बदललें तरी ती वाचण्याचा मार्ग राहतो.

प्रतिमानाचीहि एक मर्यादा आहे. शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजीं बांधकाम चालू असलेली बेकायदेशीर इमारत कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. पुढें डोंबिवली परिसरांतील ६५ इमारतींच्या परवानग्या बनावट निघाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ मधील आदेशानें त्या पाडण्याची पाळी आली. घरें विकत घेणारीं कुटुंबें मात्र आंत राहत होतीं. असल्या प्रकारांस उत्तम सॉफ्टवेअर आळा घालूं शकत नाहीं. खोटा शिक्का सपाट कागदावर जसा मारतां येतो, तसा तो प्रतिमानासहि जोडतां येईल. फरक इतकाच कीं इमारतीचें पूर्ण वर्णन महापालिकेच्या दप्तरांत असेल, तर मंजूर झालेले मजले आणि उभे राहिलेले मजले यांची तुलना करणें सोपें जाईल.

ठाण्यांत २९ किलोमीटरांची आणि २२ स्थानकांची वर्तुळाकार मेट्रो उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें १६ ऑगस्ट २०२४ रोजीं मान्यता दिली. अंदाजित खर्च १२,२०० कोटी रुपये, आणि काम नागपूरचा अनुभव गांठीं असलेल्या महामेट्रोकडे. अशा कामांत आणि लहान गृहसंस्थेच्या कामांतहि कराराच्या वेळीं एक कलम घालून घेणें शक्य असतें: काम संपल्यावर मालकास मूळ फाइल, आय. एफ. सी. प्रत आणि छापील नकाशांचा संच, तिन्ही द्यावे. त्यास जादा पैसे फारसे लागत नाहींत. पावसाळ्यांत गच्ची गळूं लागली आणि बिल्डरचें कार्यालय बंद झालेलें असलें, म्हणजे भिंतींतील नळ कोठून जातो हें शोधावयास सोसायटीचा चिटणीस प्रथम त्या संचाकडे धांवतो.