मुंबईच्या इमारती आणि रविवारची सुटी



या ज्ञानसत्रात विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमची शाळा १९८२ च्या गिरणी संपात सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयांत. तेव्हा आज इतिहास सांगावयाचा तो पायी हिंडून पाहिलेला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहकुटुंब मुंबई पाहावयास निघालो. बरोबर आमचे ऐंशी ओलांडलेले वडील, मंडळी आणि धाकटी कन्या. वडिलांनी वीस वर्षे गिरणीत साचे चालविले. कन्या आज एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये, एका दुकानात कामाला आहे. तिची सुटी मंगळवारी. सोबतच्या मुलीशी पाळी बदलून एक रविवार पदरात पाडून घ्यायला तिला तीन महिने लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आरंभ भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून केला. तेथील संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय असे होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांनी खटपट करून वर्गणी जमविली म्हणून ते उभे राहिले. १९७५ साली त्यास भाऊ दाजींचे नाव दिले, हे योग्यच झाले. आत निरनिराळ्या धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या लहानलहान प्रतिकृती आहेत. आमचे वडील त्यांच्यापुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "हात बरोबर काढलेत. काम करणाऱ्याचा हात असाच असतो."

तेथून गाडीने बोरीबंदर. आज त्या स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. वडिलांच्या तोंडी मात्र बोरीबंदरच. फ्रेडरिक स्टीव्हन्स याने आराखडा केला. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे काम चालले आणि सुमारे १६ लाख रुपये खर्ची पडले. स्टीव्हन्सचे नाव सर्वांस ठाऊक असते. त्याच्या हाताखाली देखरेख करणारे सीताराम खंडेराव फारसे कोणास ठाऊक नसतात. कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता.

पुढे चालत ओव्हल मैदानावर आलो आणि राजाबाई मनोऱ्यासमोर गवतावर बसून डबे सोडले. हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यास पैसा दिला आणि आपल्या मातोश्रींचे नाव दिले. हा पैसा कोठून आला? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडचा कापूस लँकेशायरला पोहोचेना, आणि आपल्या शेतकऱ्याच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, सट्टेवाले धुळीस मिळाले. दगड तेवढे राहिले. त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती आहेत. त्या रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी घडविल्या.

मनोऱ्याच्या घड्याळाचे टोले पडले. कन्येने विचारले, "आजोबा, तुम्हांला रविवारी सुटी असायची?"

"असायची म्हणजे? सकाळी भोंगा नसायचा. त्याच दिवशी तर तुझ्या आजीला घेऊन राणीच्या बागेत यायचो."

आता मुद्द्यास येतो. हे स्थानक बांधले जात होते त्याच वर्षांत या शहरात आणखी एक बांधकाम चालले होते. गिरणीकामगार तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत असे, आणि आठवड्याची ठरावीक सुटी त्यास नव्हती. गिरणीत भांडारपालाचे काम केलेले आणि 'दीनबंधु' पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास मदत. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुटी आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले.

स्थानकाला दहा वर्षे लागली, रविवारला सहा.

मग कन्या म्हणाली, "मला पण सुटी आहेच की, मंगळवारी." तिचे म्हणणे खोटे नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. नोकरास आठवड्यातून एक दिवस विश्रांती देणे बंधनकारक आहे, पण ती पाळीपाळीने देता येते. यावर आम्ही तिला एवढेच विचारले, "मंगळवारी तू काय करतेस?" ती म्हणाली, "झोपते. घरात कोणी नसतं." सुटी एकट्याची असते, रविवार सगळ्यांचा असतो. सहकुटुंब बाहेर पडण्यास, भजनास, सभेस आणि युनियनच्या बैठकीसही माणसे एकाच वेळी मोकळी असावी लागतात. लोखंड्यांनी मिळविले ते हे. निव्वळ विश्रांती म्हणून त्याचा हिशेब केला की अर्धे हातचे जाते.

परतताना काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालयाची पिवळ्या दगडाची इमारत दाखविली. ती १८७० ची. पण संस्थेचे मूळ १८४७ चे आहे. टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी यंत्रांचे नमुने आणि पुस्तके जमविण्यासाठी ती काढली. दार देणगीदाराच्या नावाचे आहे. आतला पहिला वाचक कामगार होता, हे आम्ही मुलीस मुद्दाम सांगितले.

दगडाच्या इमारतीस तडा गेला की तो दिसतो, आणि दुरुस्तीची पाटी लागते. सुटीस गेलेला तडा दिसत नाही; तो प्रत्येक घरात निराळ्या वारी जातो. त्या संध्याकाळी कन्येने आपल्या दुकानातल्या सात मुलींची नावे आणि त्यांच्या सुटीचे वार एका कागदावर लिहून आमच्या हाती दिले. महिन्यातला निदान एक रविवार सर्वांना मिळावा, असा अर्ज लिहून द्या म्हणाली. आम्ही लिहून दिला. उत्तर अजून यावयाचे आहे.