ओहमचा हिशेब

विजेचा दाब आणि प्रवाह हे दोन आकडे हाती आले की रोध आणि शक्ती हे दुसरे दोन शाळकरी मुलगाही काढू शकतो. भागाकार केला की रोध, गुणाकार केला की शक्ती. पण हा भागाकार ज्याने घालून दिला, त्याच्या श्रमांचे चीज व्हायला चौदा वर्षे लागली, हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही.

गेओर्ग सिमॉन ओहम १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपे करणारा कारागीर. त्याने स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून मुलांना घरी शिकविले. (विद्या ही पदवीधरांची मिरास मानणाऱ्यांनी या बापाची आठवण ठेवावी.) पुढे कोलोनच्या शाळेत मास्तरकी करताना ओहमने तारांवर प्रयोग आरंभिले. त्या काळच्या बॅटरीचा जोर चालता चालता मंदावे, त्यामुळे मापे जुळत ना. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने सुचविले की, बिस्मथ व तांबे यांचा जोड घ्या. एक टोक उकळत्या पाण्याच्या आचेवर, दुसरे बर्फात ठेवा. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून जोरही स्थिर. मग एकाच जाडीच्या, निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, चुंबकसूची किती वळते ते त्याने मोजले. तार लांब, तर प्रवाह कमी. आणि तो नेमका किती कमी, याचे सूत्र १८२६ साली हाती आले.

पुढल्या वर्षी ग्रंथ निघाला. स्वागत थंडच झाले. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये गणित शिकवून कशीबशी काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळाला. म्युनिकला प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो वारला.

त्याच १८४१ साली इंग्लंडात ज्यूल या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने दाखविले की, तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या एककासाठी ओहमचे नाव स्वीकारले.

आता आकडे घेऊ. २३० व्होल्टवर शेगडी ५ ॲम्पियर घेते. म्हणजे रोध ४६ ओहम, शक्ती ११५० वॅट. दाब निम्मा झाला तर प्रवाहही निम्मा, अन् शक्ती सुमारे चौथाई. 'निम्मा दाब, निम्मी आच' असे धरणारा इथेच फसतो.

एका गिरणीत तारेचा जोड जळाला आणि ठपका वायरमनवर आला. त्याच फळीवर शेजारी तसाच एक जोड होता. त्याला या माणसाचा हात कधीच लागला नव्हता. दोन्ही पक्षांसमक्ष तो मोजला. जोडाच्या दोन टोकांत ८ व्होल्ट, प्रवाह २५ ॲम्पियर. चांगल्या जोडात हा फरक नावापुरता असावा. इथे रोध निघाला ०.३२ ओहम, दिसायला क्षुल्लक. पण शक्ती २०० वॅट, आणि ती सारी अंगठ्याएवढ्या जागेत! फळीवरचे सारेच जोड तपासावे लागले. वायरमनवरचे आरोपपत्र त्याच आठवड्यात मागे घेतले गेले.